सोळा पानांचं रान

अण्णांचा डबा सापडला २०२२ च्या दिवाळीत. गावाकडच्या घराचं माळवद गळायला लागलं होतं, म्हणून सामान हलवत होतो. गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, वरचं तोंड कापून लाकडी झाकण बसवलेला. मला वाटलं बियाणं असेल. उघडला तर टपाल तिकिटं. काही सुटी, काही एकमेकांना चिकटून वडी झालेली, आणि दीडेकशे तिकिटं हिशेबाच्या जुन्या वहीत खळीनं डकवलेली.

अण्णा गावचे पोस्टमास्तर होते. मास्तर म्हटलं की मोठं वाटतं, पण आमचं शाखा टपाल कार्यालय म्हणजे घरचीच ओसरी: एक लोखंडी पेटी, तराजू, तारखेचा शिक्का आणि शाईची गादी. गावातली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची. त्यांची पत्रं यायची, आणि ती वाचून दाखवायचं काम अण्णांकडेच. वाचून झालं की ते म्हणायचे, "चिठ्ठी तुमची, कोपरा माझा." आणि कात्रीनं तिकिटाचा कोपरा कापून घ्यायचे. ही कात्री पुढं मला किती महागात पडली, ते नंतर येईलच.

मी कृषी खात्यात नोकरीला आहे. तिकिटांचं मला काडीचं ज्ञान नव्हतं. पण डब्यातली तिकिटं चाळताना ओळखीचं काहीतरी हाती लागत गेलं. कापसाचं बोंड, आंबे, चहाची तोडणी, रबराचं झाड. माणसांच्या चेहऱ्यांची तिकिटं मी बाजूला सारत गेलो आणि झाडाझुडपांची वेगळी काढत गेलो. रात्री दोन वाजता माय उठून आली. "काय करायलाव रे एवढ्या रात्री?" मी म्हटलं, "अण्णांचं रान निवडायलोय."

पहिलं काम होतं तिकिटं कागदापासून सोडवायचं. ते मी जानेवारीत केलं, आणि आपल्या मराठवाड्यात तोच महिना बरा. मे महिन्यात ओलं तिकीट वाळता वाळता पापडासारखं वळतं, आणि श्रावणात वाळतच नाही. पसरट ताटात साधं थंड पाणी घ्यायचं, तिकिटं तोंड वर करून सोडायची, पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. तिकीट आपणहून कागद सोडतं. ओढलं तर पाठ सोलते. लाल-जांभळ्या पाकिटांचे तुकडे वेगळ्या ताटात घ्या. त्यांचा रंग उतरतो आणि सगळी तिकिटं गुलाबी होतात. माझी नऊ झाली. वाळवताना वर्तमानपत्र नको, शाई लागते. टिपकागदात ठेवून वर जड पुस्तक ठेवायचं. मी खतांच्या शिफारशींचं सरकारी पुस्तक ठेवलं. नोकरीच्या एवढ्या वर्षांत त्याचा इतका उपयोग पहिल्यांदाच झाला.

एक फजिती सांगतो. आंतरदेशीय पत्रांचे कोपरे मी पाऊण तास भिजवले, तरी तिकीट सुटेना. पाणी बदललं, कोमट केलं. शेवटी कोपऱ्याचाच लगदा झाला. मग उजेड पडला: आंतरदेशीय पत्रावरचं तिकीट चिकटवलेलं नसतं, छापलेलंच असतं. सत्तावीस कोपरे गेले.

निवडानिवड संपली तेव्हा तेराशे चाळीस तिकिटं हाती होती. झाडं, फुलं, पिकं एवढंच धरलं तर, दुबार वगळून, एकाहत्तर.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की टपाल खात्यात तिकीट संग्राहकांसाठी खातं उघडता येतं. एकदा पैसे भरून ठेवायचे, नवीन तिकीट निघालं की ते घरी येतं आणि रक्कम खात्यातून वजा होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मी एका मोठ्या टपाल कार्यालयात गेलो. पहिल्या खिडकीवर म्हणाले, "बचत खातं का? तिकडं." तिकडं म्हणाले, "तिकिटं पायजेत का? स्पीडपोस्टच्या खिडकीत." स्पीडपोस्टवाल्या मॅडमना निदान 'फिलॅटेली', म्हणजे तिकीटसंग्रह, हा शब्द माहीत होता, पण ते काम बघणारे साहेब रजेवर. पुढच्या सोमवारी गेलो तर साहेब होते, फॉर्म नव्हता. तिसऱ्या खेपेला मी फॉर्म इंटरनेटवरून छापून, भरूनच नेला, तेव्हा दहा मिनिटांत काम झालं. तीन खेपांचं एसटीभाडं किमान अनामतीपेक्षा जास्त झालं. किमान दोनशे रुपये भरावे लागतात. मी पाचशे भरले. आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो जवळ ठेवा. आणि खिडकीवर "तिकिटं जमवायचं खातं" असं म्हणू नका, "फिलॅटेली डिपॉझिट अकाउंट" असं पूर्ण नाव घ्या. फॉर्मवर काय काय हवं ते लिहायचं असतं: नुसती कोरी तिकिटं, की प्रथम दिवस आवरण (तिकीट निघाल्या दिवशीच्या शिक्क्याचं खास पाकीट), मिनिएचर शीट (तिकिटाचा छोटा सचित्र ताव) आणि माहितीपत्रकही. माहितीपत्रक मागाच. थोडक्या पैशांचा कागद, पण तिकिटावरचं झाड कोणतं, तिकीट कधी निघालं, कसं छापलं, सगळं त्यात असतं. पुढं पानं लिहिताना मला सगळ्यात जास्त आधार त्याचाच झाला.

मुलं सहावी ते नववीत असतील तर आणखी एक सांगतो. तिकीटसंग्रहाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठी खात्याची दीनदयाळ स्पर्श नावाची शिष्यवृत्ती आहे. २०१७ मध्ये सुरू झाली, वर्षाला सहा हजार रुपये. त्यासाठी शाळेच्या फिलॅटेली क्लबचं सदस्यत्व नाहीतर हे खातं लागतं. आमच्या घरात त्या वयाचं कुणी उरलं नाही, नाहीतर अर्ज केला असता.

पहिलं पाकीट यायला मे उजाडला. तोवर मी दर आठवड्याला पोस्टमनला रस्त्यात अडवत होतो. पाकिटात भरडधान्यांचं तिकीट होतं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष. १८ मार्चला दिल्लीच्या परिषदेत पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं तिकीट आणि नाणं निघालं होतं. ज्वारीच्या मुलखातल्या माणसाच्या हाती पहिलं तिकीट हेच पडावं, याचा मला फार आनंद झाला. मायला दाखवलं. ती म्हणाली, "आता जवारीला बी तिकीट लागायलंय व्हय!"

मग हाव सुटली. निसर्ग म्हटलं की काय नाही? वाघ, फुलपाखरं, हिमालयातली फुलं, ऑर्किड. १९८२ चं ब्रह्मकमळ घेतलं, १९९१ ची सहा ऑर्किड घेतली. शहरातल्या एका दुकानातून परदेशी फुलांच्या तिकिटांचं चकचकीत पाकीट साडेतीनशे रुपयांना आणलं. शंभर तिकिटं, एकाहून एक सुंदर, सगळ्यांवर कोपऱ्यात एकसारखा चतकोर शिक्का. पुढं छत्रपती संभाजीनगरच्या एका काकांनी ते पाकीट उलटंपालटं केलं आणि हसले. अजमान, उम्म अल कुवैन, फुजैरा: आखातातल्या छोट्या अमिरातींच्या नावानं साठ-सत्तरच्या दशकात जगभरच्या संग्राहकांना विकण्यासाठी ढिगानं छापलेली तिकिटं. शिक्काही छापखान्यातच मारलेला. पत्रावर बसून ती कधी कुठं गेलीच नाहीत. "भावाच्या पोरीला द्या, शाळेच्या प्रकल्पाला चालतील," काका म्हणाले. दिली.

हे काका बँकेतून निवृत्त झालेले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नाही देत. प्रदर्शनात मांडायची कल्पना त्यांचीच. मी जूनमध्ये नव्वद पानांचा आराखडा घेऊन गेलो होतो. त्यांनी न उघडताच विचारलं, "प्रदर्शनात मांडायच्या एका फ्रेमीत किती पानं बसतात?" ए-फोर आकाराची सोळा, चारचार ओळीनं. "मग पंच्याहत्तर इथंच ठेवून जा. नाही, चौऱ्याहत्तर."

येताना बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. तालुक्यापासून आमच्या गावापर्यंतचा रस्ता तेवीस किलोमीटरचा, बालाघाटाच्या माळावरून जातो. अण्णा टपालाची थैली घेऊन या रस्त्यानं सायकलवर जात-येत. तेव्हा ठरलं: या तेवीस किलोमीटरांत जे उगवतं आणि जे भारताच्या तिकिटावर आलंय, तेवढंच घ्यायचं. ब्रह्मकमळ बाद. ऑर्किड बाद. चिनार बाद, देवदार बाद. बाद करताना इतकं हलकं वाटेल असं वाटलं नव्हतं.

निजामाच्या तिकिटांनी मात्र परीक्षा घेतली. काकांकडं हैदराबाद संस्थानची १९३१ ची मालिका होती: आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार, रुपयावर दौलताबादचा मिनार. त्याआधीची जुनी तिकिटं तर अशी की किंमत इंग्रजी, उर्दू, तेलुगू आणि मराठी अशा चार लिप्यांत. आपला मुलूख १९४८ पर्यंत त्या राज्यात होता, म्हणजे माझ्या पणज्याच्या पत्रावर हीच तिकिटं लागत असणार. हात शिवशिवले. पण एकावरही झाड नाही. ठेवून आलो.

रस्ता लिहून काढला तसा क्रम आपोआप लागला. गावाबाहेर पडलं की वड आणि पिंपळ: ते १९८७ च्या झाडांच्या संचात आहेत. मग माळावरचा पळस आणि बहावा, १९८१ च्या फुलझाडांच्या संचातले. त्याच संचात वायवर्णाही आहे; तो ओढ्याकाठी आमच्याकडं एकच उरलाय. बहावा दुसऱ्यांदाही भेटतो, २००० सालच्या वीस रुपयांच्या तिकिटावर. ते अण्णांच्या काळातलं नव्हे, पण रजिस्टर पाकिटांवर तुम्हीही पाहिलं असेल. पुढं शेतं लागतात: कापूस, ज्वारी, आंबा. आंबा १९६७ चा, पन्नास पैशांचा. बांधावर औषधी झाडं. १९९७ च्या संचात तुळस, हळद, सर्पगंधा आणि कोरफड. त्यातली सर्पगंधा आमच्या रस्त्यावर नाही, म्हणून संच मोडून तीनच लावली. संग्राहक माणूस संच मोडत नाही, काकांच्या कपाळावर आठी पडली. २००३ च्या संचातून अश्वगंधा आणि आवळा घेतले, गुग्गुळ आणि ब्राह्मी वगळली. अश्वगंधेला आमच्याकडं ढोरगुंज म्हणतात आणि उपटून टाकतात.

सगळ्यात लाडकी कळलावी. १९७७ च्या जुलैत चार फुलांचा संच निघाला: कमळ, बुरांश, कदंब आणि दोन रुपयांवर कळलावी. श्रावणात आमच्या रस्त्याच्या वळणावर कुंपणात ती फुलते. पाकळ्या वर वळलेल्या, टोकाला लाल, बुडाशी पिवळ्या, जणू चुलीतून निघालेल्या ज्वाळा. कंद जहरी, म्हणून लहानपणी अण्णा हात लावू द्यायचे नाहीत. डब्यात कमळ होतं, कळलावी नव्हती. दोन रुपयांचं तिकीट लावून आमच्या गावाला पत्र कोण पाठवणार! चारांचा संच १८० रुपयांना पोस्टानं मागवला. तिकीट आल्यावर भिंगाखाली धरून बसलो, आणि पाऊस उघडल्यावर मोटरसायकल काढून त्या वळणावर जाऊन आलो. कुंपणाच्या जागी तारा आल्यात. वेल तारांवर चढलाय.

चंदनाचं तिकीट सुगंधी आहे. भारताचं पहिलं सुगंधी तिकीट, १३ डिसेंबर २००६, पंधरा रुपये. आमच्या माळावर चंदन उगवतं आणि हातभर झालं की चोरीला जातं. दुकानदार म्हणाला, अंगठ्यानं हलकं चोळा. सतरा वर्षांनी वास नावालाच होता. माय म्हणाली, मनाचा भास आहे. ते पान मी दोनदा लिहिलं; पहिल्यांदा चंदनचोरांबद्दलच जास्त झालं होतं.

बाभूळ हवी होती. या रस्त्यावर सगळ्यात जास्त बाभूळच. तिचं भारतीय तिकीट माझ्या हाती लागलं नाही. तेराव्या पानावर मी तिच्यासाठी रिकामी चौकट सोडली आणि खाली लिहिलं, "इथे बाभूळ हवी होती." काकांनी ती काढायला लावली. प्रदर्शनात रिकामी चौकट म्हणजे तिकीट चोरीला गेलं असं दिसतं म्हणे.

पानं तयार करण्यात सप्टेंबर-ऑक्टोबर गेले. जाड कागदावर मजकूर छापायचा, थोडाच. कोऱ्या तिकिटाला हिंज (डकवायची गोंदाची छोटी पट्टी) लावायचा नाही, मागच्या गोंदावर डाग राहतो; काळ्या पट्टीचे माउंट लावायचे. वापरलेल्या तिकिटाला हिंज चालतो. बोटांनी तिकीट धरायचं नाही, चिमट्यानं धरायचं. आमच्या उन्हाळ्यात बोटाचा घाम तिकिटावर उमटतोच. प्रत्येक पानाला पारदर्शक कव्हर. मी प्रत्येक पानाला हिरवी वेलबुट्टीची किनारही काढली. एकेका किनारीला एकेक संध्याकाळ.

नोव्हेंबरमध्ये जिल्हास्तरीय प्रदर्शनाचा अर्ज भरला. फ्रेममागे दीडशे रुपये. आठवड्यानं फोन आला, पहिलं पान नियमात नाही. मी त्यावर अण्णांचा फोटो आणि चार ओळी टाकल्या होत्या. पहिल्या पानावर शीर्षक आणि आराखडा हवा: कोणत्या भागात काय, कोणतं पान कशाचं. फोटो काढला, आराखडा घातला. पोच मागितली तर दुसऱ्याच कुणाच्या नावाची आली. ती दुरुस्त व्हायला आणखी दोन फोन आणि एक चक्कर. पोच वाचून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

जानेवारी २०२४ मध्ये आदल्या दिवशी पानं नेऊन दिली. दोन दिवस प्रदर्शन. माझ्या फ्रेमीपुढं सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले ते एका शाळेचे शिपाई. पळसाजवळ बोट नेऊन म्हणाले, "याच्या पत्रावळी लावायचो आम्ही."

दुसऱ्या दिवशी परीक्षक बोलले. आंतरराष्ट्रीय नियमांत विषयवार संग्रहाला शंभर गुण असतात: मांडणीचा विचार आणि विकास यांना ३५, ज्ञानाला ३०, तिकिटांची स्थिती आणि दुर्मिळता यांना ३०. आणि सजावटीला? पाच. माझ्या वेलबुट्टीकडं बघून ते म्हणाले, "यासाठी एवढा वेळ नका घालवू." रस्त्याची कल्पना त्यांना आवडली. पण म्हणाले, नुसती तिकिटं आहेत. पाकिटं कुठं आहेत? शिक्के? छापील तिकिटाची आंतरदेशीय पत्रं अख्खी कुठं आहेत? मग त्यांनी कापसाच्या एक रुपयाच्या तिकिटावर भिंग धरलं. अण्णांच्या कोपऱ्यांतलं ते. त्यावर शिक्क्याचा कमानीसारखा एक तुकडा होता, गावाच्या नावातली शेवटची दोन अक्षरं. "हे कापलं कुणी? अख्खं पाकीट असतं, निघाल्याचा आणि पोचल्याचा असे दोन्ही शिक्के असते, तर एक पान त्यानंच भरलं असतं."

मी म्हटलं, "पोस्टमास्तरनं."

कांस्यपदक मिळालं. एकूण खर्च साधारण सात हजार: तीन हजार शंभर तिकिटांचे, सतराशे प्रवासाचे, बाकी स्टॉकबुक, चिमटा, माउंट, कागद, छपाई. त्यातले साडेतीनशे आखातात बुडाले.

फेब्रुवारीत गावी गेलो. पळस फुलला होता. शाखा कार्यालय आता दुसऱ्या गल्लीत आहे, एक तरुण मुलगी चालवते. मी रजिस्टरच्या पाकिटावर माझाच पत्ता लिहून नेला होता, त्यावर वीस रुपयांचा बहावा आणि उरलेल्या रकमेची साधी तिकिटं लावून. ती म्हणाली, "काका, तिकीट कशाला चिकटवलं? मी मोबाइलवरून पावती काढून देते की." तिला सगळं सांगितलं. तिनं ड्रॉवरमधून शिक्का काढला, अण्णांचाच घाट, मूठ घासून गुळगुळीत. तारीख फिरवली. गादी कोरडी होती. थोडं पाणी टाकून तिनं जोरात ठोकला.

चार दिवसांनी पाकीट घरी आलं. बहाव्यावर अर्धाच शिक्का उठला होता, पुन्हा शेवटचीच दोन अक्षरं, आणि वाटेत कुणीतरी उरलेल्या तिकिटांवर बॉलपेननं फुली मारली होती. बहाव्याची आणखी दोन तिकिटं माझ्याकडं आहेत. चैत्रात जाताना शाईची बाटली घेऊन गेलो.